व्हिशस मॉकरी: बार्डने खरंच टोमणा मारायचा की नुसता फासा टाकायचा?

घुबडअस्वल

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं आणि फासे घेऊन खेळायचा कल्पनारम्य खेळ) खेळणाऱ्यांसाठी धागा आहे, पण न खेळणाऱ्यांनीही यावं. मला शेवटी टोमणेच हवे आहेत आणि त्यात आपल्याकडे कमतरता नाही.

आमचा ग्रुप मराठीतून खेळतो. पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम, सगळे तिसऱ्या लेव्हलवर. दोघे न्यू जर्सीत असल्यामुळे आमची रविवारची सकाळ आणि त्यांची शनिवारची रात्र. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि राक्षसांच्या वतीने खेळणारा. बार्ड जी खेळते ती मुळात अबोल आहे. तिचा व्हिशस मॉकरी हा स्पेल आला की बाकीचे चौघे ओरडतात, "बोल, बोल, काय म्हणालीस त्याला?" ती दोन सेकंद अडखळते, मग "काहीतरी वाईट बोलले" म्हणून फासा टाकते. हल्ली तो स्पेल वापरायचंच टाळते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बार्ड म्हणजे गाण्या-बोलण्यातून जादू करणारा. व्हिशस मॉकरी हा त्याचा कँट्रिप, म्हणजे कितीही वेळा वापरा, जादूच्या ठरावीक कोट्यातला स्लॉट खर्च होत नाही. साठ फुटांच्या आत जो दिसतोय त्याला जादूभरला अपमान ऐकवायचा. विज्डमचा सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा फासा) त्याला जमला नाही की १डी४, म्हणजे चार बाजूंच्या एका फाशाइतका, सायकिक डॅमेज (मनावरचा मार), आणि त्याच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत तो जो पहिला ॲटॅक रोल करेल त्यावर डिसॲडव्हांटेज. म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. ती बोलत नाही म्हणून बाकीचे तिच्या वतीने बोलतात. मागच्या लढाईत एका अर्ध-ऑर्क पहारेकऱ्याच्या रंगावरून सुरू झालं आणि हसता हसता भलत्याच वळणावर गेलं. मी तिथल्या तिथे दार फुटल्याचं सांगून विषय बदलला, पण दोघे जण नंतर गप्पच होते.

तर, टोमणा सक्तीचा ठेवायचा का? आणि मर्यादा कशी आखायची?

विसाचा फासा

सक्ती? अजिबात नाही.

फायटर खेळणाऱ्याला आपण "आधी वीस जोर काढून दाखव" म्हणत नाही. विझार्डला फायरबॉलसाठी वटवाघळाची लीद खरोखर आणायला लावत नाही (पुस्तकात तेच साहित्य लिहिलंय, विश्वास नसेल तर बघा). मग बार्डनेच का स्टँडअप करायचं? करिष्मा पात्राचा १६ आहे, खेळणारीचा नाही.

नियमात फक्त शाब्दिक घटक लागतो. तोंड बांधलेलं नसावं, सायलेन्सच्या गोलात उभं नसावं, बस. वाक्य काय होतं हे नियम विचारत नाही.

सातवी मात्रा

विसाचा फासा, तत्त्वतः बरोबर, पण मग हा स्पेल घ्यायचाच कशाला? मी स्वतः बार्ड खेळतो. लढाईच्या मधोमध सगळे आकडेमोडीत बुडालेले असतात, तेव्हा एक बरं वाक्य पडलं की आख्खं टेबल जागं होतं. तलवार फिरवणं खोलीत बसून करता येत नाही. बोलणं येतं. खेळात जी गोष्ट खरोखर करून दाखवता येते ती मोजकीच आहे, तिच्यावरही फासा फिरवायचा?

सक्ती नको हे मान्य. पण बक्षीस हवं. टोमणा जमला तर डीएमने इन्स्पिरेशन (पुढे एखादा फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायची मुभा) द्यावं.

विसाचा फासा

आणि जी बोलू शकत नाही तिला इन्स्पिरेशन नाही. म्हणजे दंडच झाला की, उलट्या बाजूने.

रानजाई

मी बार्ड खेळते आणि मीही अबोल आहे, म्हणून लिहिते. मला "बोल, बोल" हा गिलका जितका नको वाटतो तितका टोमणा नको वाटत नाही. सगळे थांबून तोंडाकडे बघत असले की आपोआप काही सुचत नाही.

मी काय करते ते सांगते. थेट बोलत नाही, वर्णन करते. "माझी बार्ड त्याच्या बुटांकडे बघते, मग त्याच्या तोंडाकडे, आणि म्हणते की बूट तरी नवे आहेत." किंवा नुसतं, "ती त्याच्या नेमबाजीबद्दल असं काही बोलते की त्याचे स्वतःचे लोक हसतात." परिणाम तोच, आणि नाटक करावं लागत नाही. आमचा डीएम मग पुढचं उचलतो: तो गॉब्लिन आपल्या धनुष्याकडे कसा बघतो, दोरी कशी चुकते. डिसॲडव्हांटेज टेबलावर दिसायला लागतं. मला विचाराल तर टोमण्याचा अर्धा भार डीएमने उचलायला हवा.

आणि हो, तिला चार वाक्यं आधी लिहून ठेवू दे. आम्ही सगळे स्पेलची कार्डं बाळगतो, टोमण्यांची का नको?

घुबडअस्वल

रानजाई, हे फार उपयोगी आहे. परिणामाचं वर्णन मी करत नव्हतो, "चुकला, पुढे" एवढंच.

कोपऱ्यातला कोबोल्ड

१डी४. चार. चार!! त्यासाठी एवढा मोठा धागा. क्रॉसबो चालवा लेको.

त्रिज्या

कोबोल्ड, आकडे मांडूच.

समोर ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस. आर्मर क्लास (फटका लागायला गाठायचा आकडा) ११, विज्डम ७, म्हणजे सेव्हला उणे २. तिसऱ्या लेव्हलच्या बार्डचा डीसी, म्हणजे सेव्हला गाठायचा आकडा, १३ धरला (८ + २ + करिष्माचे ३). ओगरला फाशावर १५ किंवा जास्त लागतात, म्हणजे ७० टक्के वेळा तो सेव्ह चुकवणार. १डी४ची सरासरी अडीच, तिचे ७० टक्के म्हणजे पावणेदोन. इथपर्यंत कोबोल्डचं खरं आहे.

आता दुसरी बाजू. ओगरला ॲटॅकला ६ मिळतात, सोट्याचा एक फटका सरासरी १३चा. आपल्या माणसाचा आर्मर क्लास १५ असेल तर फटका ६० टक्के वेळा बसतो. डिसॲडव्हांटेज लागला की ३६ टक्के. क्रिटिकल (फाशावर वीस पडल्यावरचे जादा जोराचे फटके) सोडून दिले तर फटक्यामागे ७.८चा मार ४.७वर येतो. त्याचेही ७० टक्के धरले की सव्वादोनच्या आसपास मार वाचला. दोन्ही मिळून चार.

क्रॉसबो, डेक्स्टेरिटीचे २ धरून, साडेसहा, आणि ७० टक्के वेळा लागतो. साडेचार. म्हणजे कागदावर क्रॉसबो थोडा पुढे. पण ओगरचे ५९ हिट पॉइंट, त्यातले साडेचार गेले तरी तो तितक्याच जोराने मारतो. तुमच्या विझार्डकडे जेमतेम वीस असतात, त्याला १३चा एक फटका चुकणं ही वेगळीच गोष्ट आहे. शिवाय पाचव्या लेव्हलला टोमणा २डी४ होतो, अकराव्याला ३डी४, सतराव्याला ४डी४. क्रॉसबो आहे तिथेच.

कुठे वापरू नये तेही सांगते. जो तीन-चार वेळा मारतो त्याच्यावर फारसा उपयोग नाही, कारण फक्त पहिला ॲटॅक बिघडतो. जो स्पेल टाकून तुम्हालाच सेव्ह करायला लावतो त्याच्यावर डिसॲडव्हांटेज वायाच, तो ॲटॅक रोल करतच नाही. लांडग्यांच्या कळपावरही जपून. पॅक टॅक्टिक्समुळे (जोडीने हल्ला करायची सवय) त्यांना ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फाशांतला मोठा आकडा, मिळतो, दोन्ही एकमेकांना खातात आणि साधा एक फासा उरतो. तेही काही वाईट नाही म्हणा.

आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: शत्रू एखाद्या स्पेलवर कॉन्सन्ट्रेशन धरून असेल (लक्ष भंगलं की तो स्पेल तुटतो) तर एक पॉइंट डॅमेजनेही त्याला डीसी १०चा सेव्ह करावा लागतो. टोमण्याने जादू तुटलेली मी बघितली आहे, त्या दिवशी टेबलावर जो आरडाओरडा झाला तो ड्रॅगन मारल्यावरही झाला नव्हता.

कोपऱ्यातला कोबोल्ड

शब्द मागे घेत नाही, पण कॉन्सन्ट्रेशनचं पटलं.

सातवी मात्रा

त्रिज्याला जोडून एक डाव. "पुढचा ॲटॅक रोल" म्हटलंय, "पुढच्या टर्नमधला" नाही. म्हणजे ऑपॉर्च्युनिटी ॲटॅकही (कुणी जवळून निसटताना शत्रू मारतो तो जादा फटका) धरला जातो. बार्डने टोमणा मारला की लगेच मागून ज्याची टर्न आहे त्या रोगने (चोरट्या पात्राने) शत्रूच्या तावडीतून निघून जावं. शत्रूने तो ॲटॅक केला तर तिथेच डिसॲडव्हांटेज खर्च होतो, हे मात्र लक्षात असू द्या. कुणाला वाचवायचंय ते आधी ठरवा.

नवा_भिडू

बाळबोध प्रश्न. प्राण्याला कसा अपमान कळणार? आमच्याकडे काल एकाने अस्वलाला टोमणा मारला आणि डीएम नाही म्हणाला.

विसाचा फासा

डीएमचं चुकलं. २०१४च्या पुस्तकात स्पष्ट आहे: लक्ष्याला ऐकू यायला हवं, समजायला हवं असं नाही. जादू शब्दांना गुंडाळलेली आहे, अर्थाला नाही. अस्वलाला मराठीत बोला, सांगाड्याला बोला, झोंबीला बोला, सगळ्यांवर चालतं. चार्म (मोहिनी) होण्यापासून जो सुरक्षित आहे त्याच्यावरही चालतं, कारण हा चार्म नव्हेच. कॉलेज ऑफ लोरच्या बार्डचे कटिंग वर्ड्स (शत्रूच्या फाशाचा आकडा कमी करणारी टवाळी) मात्र चार्म न होणाऱ्यावर लागत नाहीत. दोन्हींत लोक कायम घोळ करतात.

दगडी गोलेमवर (जादूने चालणारा पुतळा) सायकिक डॅमेज शून्य. पण शब्दशः वाचलं तर सेव्ह चुकला की डिसॲडव्हांटेज लागूच होतो, डॅमेज शून्य असला तरी. त्याला जादूविरुद्ध सेव्हवर ॲडव्हांटेज असतो ही गोष्ट निराळी.

खरी मजा जिलेटिनस क्यूबची, म्हणजे जेलीच्या ठोकळ्यासारख्या राक्षसाची. तो बहिरा होण्यापासून सुरक्षित आहे असं पुस्तक म्हणतं. म्हणजे त्याचे कान कधीच बिघडत नाहीत, की कान मुळातच नाहीत? यावर आमच्याकडे अर्धं सेशन गेलं आणि तोवर क्यूबने दोघांना गिळलं.

जुनी वही

२०२४च्या नव्या पुस्तकात हा वादच काढून टाकलाय. आता लक्ष्य दिसायला किंवा ऐकू यायला हवं, तेही तुम्हाला. त्याला तुमचं ऐकू येण्याची अट गेली. डॅमेजही १डी६ झाला.

नव्या लोकांना ही वाढ वाटते, आम्हाला घरवापसी. चौथ्या आवृत्तीत बार्ड २००९च्या दुसऱ्या प्लेयर्स हँडबुकमध्ये आला तेव्हा व्हिशस मॉकरी १डी६ अधिक करिष्मा होता, आणि शत्रूच्या ॲटॅकवर सरळ उणे २. तेव्हा सेव्ह नव्हता, बार्डच शत्रूच्या इच्छाशक्तीविरुद्ध फासा टाकायचा. मला ते जास्त आवडायचं. टोमणा मारणाऱ्याच्याच हातात फासा असायला हवा, आता तो डीएमच्या हातात असतो आणि बार्ड नुसता बघत बसतो.

शिवाय २०१४च्या मूळ पुस्तकात बार्डाच्या यादीत डॅमेज करणारा हा एकच कँट्रिप होता. त्यामुळे सगळे तोच घ्यायचे, इच्छा असो वा नसो. तुमच्या अबोल मुलीने तो आवडीने घेतला की यादीत दुसरं काही नव्हतं म्हणून, हे तिला विचारलंत का? २०२४मध्ये बार्डाला स्टारी विस्प मिळतो, १डी८चा, त्यात टोमणा मारायचं काही काम नाही. तो तिला देऊन बघा.

घुबडअस्वल

विचारलं नव्हतं. विचारतो.

मालवणी मिमिक

समजाक व्हया असा नाय तर मग प्रश्नच मिटलो. "शिरा पडो तुझ्या तोंडार" म्हणा नि फासो टाका. ड्रॅगनाक मालवणी येवक व्हयी कित्याक? आमच्याकडे बार्डाची गरजच नाय, आवशीक पाठवा.

शिलालेख

थोडं अवांतर, पण मर्यादेच्या प्रश्नाशी येऊन मिळतं, म्हणून वाचा.

डी अँड डीमध्ये बार्ड पहिल्यांदा आला तो फेब्रुवारी १९७६च्या 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'मध्ये, डग श्वेगमन यांच्या लेखातून. त्यांनी नॉर्स स्काल्ड (कवी), केल्टिक बार्ड आणि दक्षिण युरोपातले गायक असे तीन धागे एकत्र केले होते. त्या बार्डकडे हा स्पेल नव्हता, पण शब्दाने इजा करणारा कवी त्या केल्टिक बाजूला पूर्वीपासून बसलेलाच होता. आयर्लंडच्या जुन्या कथांत कवीच्या निंदेने राजाच्या तोंडावर फोड उठतात, आणि तोंडावर व्यंग आलेला माणूस राजा राहू शकत नाही. डिसॲडव्हांटेज परवडला.

मला सगळ्यात आवडते ती ब्रेस राजाची गोष्ट. राजा भलताच कंजूष. कॉर्प्रे नावाचा कवी त्याच्या घरी आला, त्याला एका अंधाऱ्या, बिनशेकोटीच्या खोपटात उतरवलं आणि तीन कोरड्या भाकऱ्या दिल्या. सकाळी उठून कवीने निंदा म्हटली. आयर्लंडमधली ती पहिली निंदा मानतात, आणि त्यात शिवी एकही नाही. ताटात अन्न नाही, गाईचं दूध नाही, कथेकऱ्यांना बिदागी नाही, असं सगळं मोजून शेवटी म्हटलंय की ब्रेसचंही असंच होवो. जे त्याने केलं तेच त्याच्या पदरात टाकलं. त्या दिवसापासून राजाची उतरती कळा लागली.

आता कायदा बघा. प्राचीन आयरिश कायद्यात प्रत्येकाची प्रतिष्ठा-किंमत ठरलेली असे, आणि अन्यायाने निंदा केली तर ती भरून द्यावी लागे. त्यात काय काय येतं? एखाद्याच्या शरीराच्या व्यंगाची जाहीर टवाळी करणं, आणि चिकटून राहील असं टोपणनाव पाडणं. घुबडअस्वल, तुमच्या टेबलाची मर्यादा त्यांनी हजार वर्षांहून आधी लिहून ठेवली आहे. कर्मावर बोला, कातडीवर नको.

स्कॉटलंडात पुढे याचा खेळच झाला. १५००च्या सुमारास, चौथ्या जेम्सच्या काळात, डनबार आणि केनेडी या दोन कवींनी एकमेकांना पद्यात यथेच्छ झोडपलं. आणि आपल्याकडे सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात बोरीचा बार आहेच. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, दोन्ही बाजूंना परतफेड करण्याची पूर्ण मुभा. तुमच्या अर्ध-ऑर्क पहारेकऱ्याला ती मुभा नव्हती, आणि त्याच्या आडून ज्याला लागलं त्यालाही नव्हती.

रानजाई

शेवटचं वाक्य पटलं. आपल्या तोंडात ज्या तयार शिव्या असतात त्या तपासून बघा: आईबहीण, जात, रंग, अपंगपण, बायकी असणं. पटकन बोल म्हटलं की तेच बाहेर येतं. म्हणून घाई करू नये, आणि म्हणून कार्डं. सेशन झिरोला (खेळ सुरू होण्याआधीची बैठक) एकदाच बोलून घ्या की अमुक विषय बंद.

नवा_भिडू

पण मग धार राहते का? सगळं गाळून घेतल्यावर उरतं ते "तू मूर्ख आहेस".

सातवी मात्रा

उलट. "तू मूर्ख आहेस" हा टोमणाच नाही. त्या माणसाला स्वतःबद्दल रात्री जी शंका येते ती दिवसाढवळ्या बोलून दाखवायची. त्यासाठी राक्षसाचं वर्णन वाचावं लागतं. माझ्या वहीतले देतो, हवे ते उचला:

गॉब्लिनला: "तुला पुढे पाठवलंय ना? जरा मागे बघ, किती जण आलेत बरोबर."

सांगाड्याला: "मेल्यावरसुद्धा पहाऱ्याचीच नोकरी? जिवंतपणी काय पुण्य केलंस रे!"

लिचला (मरूनही अमर झालेला जादूगार): "अमर व्हायला एवढी खटपट, आणि मग सगळं आयुष्य तळघरात."

ड्रॅगनला: "एवढं सोनं जमवलंस, पण बघायला येतं कोण? चोरच ना?"

बीहोल्डरला: "पलीकडच्या गुहेतल्या बीहोल्डरला भेटून आलो. तो म्हणाला, तू येशील म्हणून." ही जमात स्वतःला परिपूर्ण समजते, दुसऱ्या बीहोल्डरचा द्वेष करते आणि सगळीकडे कट बघते. हे एक वाक्य ४डी४च्या वरचं आहे.

त्रिज्या

"जिवंतपणी काय पुण्य केलंस" 😂 हे मी ऑफिसात वापरणार.

मालवणी मिमिक

ओगराक: "मारूक इलंस काय सोटो वाळत घालूक?"

कोपऱ्यातला कोबोल्ड

डीएमला: "तीन तास नकाशा काढलास, आणि आम्ही डावीकडे वळलो."

विसाचा फासा

हा सेव्ह कुठलाच डीएम पास होणार नाही.

घुबडअस्वल

मला लागलाच.

बार्डशी बोललो. स्पेल तिला हवाच आहे, स्टारी विस्प नको म्हणाली. नको आहे तो चौघांचा गिलका. तर असं ठरलंय: तिची टर्न असताना बाकीच्यांनी टोमणा सुचवायचा नाही, तिने मागितला तरच. ती बोलेल, वर्णन करेल किंवा नुसता फासा टाकेल, तिन्ही चालेल, आणि इन्स्पिरेशन यातल्या कशाशीही जोडलेलं नाही (सातवी मात्रा, माफ करा). सेव्ह चुकला की काय झालं ते मी रंगवून सांगणार. रंग, जात, शरीर, आईबहीण बंद, राक्षसांसाठीसुद्धा. जुनी वही यांच्या सांगण्यावरून शत्रूचा सेव्ह तिच्यासमोर उघड्यावर टाकणार आहे, निदान तिला बघता तरी येईल.

पुढच्या रविवारी समोर हॉबगॉब्लिन कॅप्टन आहे. शिस्तीचा, कवायतीचा भक्त. तिच्या कार्डांसाठी एखादा द्या.

रानजाई

"रांग छान सरळ आहे रे तुझी. पळतानाही अशीच ठेव."

घुबडअस्वल

हा तिला आत्ताच पाठवला.

त्रिज्या

कॅप्टनचं विज्डम १०, सेव्हला काहीच मिळत नाही, म्हणजे डीसी १३ला ६० टक्के वेळा लागेल. पण तो दोनदा मारतो, दुसरा वार साधाच असेल. पुढे ज्याला उभं करताय त्याचा आर्मर क्लास बघून ठेवा.